बेंगकालाचं जनुक आणि बेंगकालाची भाषा

बालीला जाणारे बहुतेक पर्यटक बेटाच्या दक्षिण भागातच राहतात. विमानतळ तिथे, प्रसिद्ध किनारे तिथे, हॉटेलंही तिथेच. बेटाच्या मधून ज्वालामुखींची रांग गेली आहे. ती ओलांडून उत्तरेला उतरलं की बुलेलेंग जिल्हा लागतो. सिंगाराजा हे त्याचं मुख्य शहर. तिथून पूर्वेला, कुबुतांबाहन तालुक्यात, किनाऱ्यापासून जरा आत बेंगकाला नावाचं सातशेहून अधिक वर्षं जुनं गाव आहे. जाहिरातींत दिसणारी हिरवीगार भातखाचरं इथे शोधू नयेत. जमीन बरीचशी कोरडवाहू आणि माणसं शेतात नाहीतर मजुरीला राबणारी. तरीही मानवी आनुवंशिकीच्या इतिहासात या गावाचं नाव पक्कं कोरलं गेलं आहे.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बेंगकालात २,१८५ माणसं राहत होती आणि त्यांतली ४७ जन्मापासून पूर्ण कर्णबधिर होती. जगात साधारण हजार मुलांमागे एखादं मूल असं जन्माला येतं. बेंगकालात हे प्रमाण ४६ माणसांमागे एक पडतं. गावात यामागची कहाणी सांगतात ती शापाची: दोन मांत्रिकांचं वैर पेटलं, दोघांनी एकमेकांना बहिरं होण्याचा शाप दिला आणि तो पुढच्या पिढ्यांना भोवला. कहाणीतला एक धागा संशोधकांनाही मोलाचा वाटला असता. गावकऱ्यांच्या मते हे बधिरत्व कुठूनतरी एकदाच सुरू झालं होतं आणि मग ते पिढ्यांतून उतरत आलं.

बालीच्या उदयाना विद्यापीठातले संशोधक आणि अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले थॉमस फ्रीडमन, जेम्स अॅशर आदींनी मिळून घरोघरच्या वंशावळी मांडल्या. चित्र स्पष्ट होत गेलं. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी कर्णबधिर मूल जन्मत होतं, मुलगे आणि मुली दोघांतही. बधिरत्वाच्या जोडीला दुसरा कोणताही आजार नव्हता. आणि आईवडील दोघेही गावातलेच कर्णबधिर असले, तर मुलंही कर्णबधिर होत होती. हा अप्रभावी जनुकाचा नमुना आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. अप्रभावी दोष एकाच प्रतीत असेल तर दुसरी प्रत काम निभावून नेते. माणसाला व्यवस्थित ऐकू येतं आणि आपण वाहक आहोत हे त्याला कळतही नाही. असे दोन वाहक नवराबायको झाले, की दर बाळंतपणात मूल कर्णबधिर असण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे आते-मामे भावंडांच्या लग्नाआधी डॉक्टर सल्ला घ्यायला सांगतात तो याचसाठी. एका आजोबांकडून आलेली तीच दोषयुक्त प्रत दोन्ही बाजूंनी मुलाकडे पोचू शकते.

बेंगकालात ऐकू येणाऱ्यांपैकी १७.२ टक्के लोक वाहक असावेत, असा अंदाज निघाला. म्हणजे जवळजवळ दर सहा जणांत एक. इथे थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. ऐकू येणाऱ्यांची लग्नं अगदी चिठ्ठ्या टाकून जुळली असती, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता छत्तीसात एक, आणि त्यांचं मूल कर्णबधिर होण्याची शक्यता एकशे चव्वेचाळीसात एक. टक्केवारीत ०.७ च्या आसपास. गावात प्रत्यक्षात होते २.२ टक्के. लग्नं काही चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. ती ओळखीपाळखीत, भावकीत होतात, आणि इथे कर्णबधिर माणसं एकमेकांशीही लग्न करत आली आहेत. या आकड्यांतला फरक गावाच्या सोयरिकींतून आला आहे.

आता प्रश्न होता तो दोष नेमका कुठे आहे हा. मानवी जनुकसंचाचा संपूर्ण नकाशा हाती यायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे शोध अवघड होता. पण बेंगकालाच्या वेगळेपणानेच वाट दाखवली. गावातले सगळे कर्णबधिर लोक ती प्रत एकाच पूर्वजाकडून घेऊन आले असतील, तर त्या जनुकाच्या आजूबाजूचा डीएनएचा तुकडाही सगळ्यांकडे सारखाच असणार, आणि तोही दोन्ही प्रतींमध्ये. म्हणून गुणसूत्रांवर असा पट्टा शोधायचा, की जिथे कर्णबधिर माणसांच्या दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात आणि ऐकू येणाऱ्यांच्या जुळत नाहीत. हा पट्टा १७ व्या गुणसूत्रावर सापडला. त्याला नाव मिळालं डीएफएनबी३. शेजारच्या बिला गावातल्या एका कुटुंबातही तोच पट्टा निघाला आणि शोधाची जागा आणखी आवळली गेली.

पुढचा धागा उंदराच्या पिंजऱ्यातून आला. ‘शेकर-२’ नावाची उंदरांची एक जात प्रयोगशाळांत अनेक दशकं सांभाळलेली होती. हे उंदीर बहिरे असतात, मान झटकत राहतात आणि स्वतःभोवती गोल फिरतात, कारण त्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही बिघडलेली असते. त्यांचा दोष उंदराच्या ११ व्या गुणसूत्रावर ज्या भागात होता, तो भाग माणसाच्या १७ व्या गुणसूत्रावरच्या त्या पट्ट्याशी जुळत होता. मिशिगन विद्यापीठातल्या सॅली कॅम्पर यांच्या गटाने निरोगी उंदराच्या डीएनएचा मोठा तुकडा शेकर-२ उंदरांच्या फलित बीजांडांत टोचला. त्यातून जन्मलेल्या उंदराला ऐकू येत होतं आणि तो गोल फिरत नव्हता. म्हणजे हवं ते जनुक त्याच तुकड्यात होतं. तुकडा वाचल्यावर सापडलं मायो१५ए. मग माणसांत तेच जनुक तपासलं गेलं. बेंगकालातल्या कर्णबधिरांत त्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं होतं आणि त्यामुळे जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल बदलत होतं. १९९८ साली उंदरांवरचा आणि माणसांवरचा असे दोन्ही शोधनिबंध ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

तीन हजार पाचशेहून अधिक अमिनो आम्लांच्या प्रथिनात एक बदलल्याने माणसाला अजिबात ऐकू येऊ नये, हे पहिल्यांदा वाचताना अविश्वसनीय वाटतं. कानाच्या आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म काड्यांचा जुडगा असतो, आणि या काड्या चढत्या उंचीच्या रांगांत उभ्या असतात: आखूड, मध्यम, उंच. ठेंगण्या काडीचं टोक शेजारच्या उंच काडीला एका बारीक धाग्याने बांधलेलं असतं. आवाजाने आतला द्रव हलला की काड्या झुकतात, धागा ताणला जातो, आखूड काडीच्या टोकावरचं दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. सगळी मदार काड्यांच्या या चढत्या उंचीवर आहे. मायो१५ए जनुकापासून बनणारं मायोसिन प्रथिन हमालासारखं काम करतं. ते काडीच्या आतल्या तंतूवरून टोकापर्यंत चालत जातं आणि काडी वाढायला लागणारी इतर प्रथिनं डोक्यावरून वर पोचवतं. हमाल पोचलाच नाही तर माल खालीच राहतो. शेकर-२ उंदरांच्या रोमपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर काड्या असतात, रांगाही असतात, पण सगळ्या खुरट्या. उंची वाढलेलीच नसते.

या संशोधनात भारताचाही वाटा आहे. १९९८ साली बेंगकालाबरोबर तपासल्या गेलेल्या कुटुंबांत दोन भारतातली होती, दोन्हींत नात्यातली लग्नं झालेली. त्यांचा दोष याच जनुकात होता, पण उत्परिवर्तनं वेगळी, स्वतंत्रपणे घडलेली. बालीतल्या एका खेड्यापुरती वाटलेली गोष्ट तेव्हाच जगभरची ठरली. आज या एका जनुकातली बधिरत्व आणणारी शेकडो उत्परिवर्तनं माहीत आहेत आणि आनुवंशिक बधिरत्वाच्या तपासणीत ते कायम पाहिलं जातं.

बेंगकालाबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथे थांबतात. मला मात्र गावाचं खरं कर्तृत्व पुढे आहे असं वाटतं. बधिरत्व कशाने आलं हे जनुकाने सांगितलं. ते आल्यावर माणसांनी काय केलं, हे जनुकात कुठेच लिहिलेलं नाही.

त्यांनी भाषा घडवली. ‘काता कोलोक’ ही बेंगकालाची खुणांची भाषा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आकाराला आली असावी असं मानतात, आणि निदान पाच पिढ्यांची कर्णबधिर मुलं तीच मातृभाषा म्हणून शिकत वाढली. इंडोनेशियाच्या शहरांतल्या खुणांच्या भाषांशी तिचं नातं नाही. ती कोणी शिक्षकाने आणली नाही, कोणा संस्थेने रचली नाही. आणि ती फक्त कर्णबधिरांची भाषा राहिली नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ इ गेदे मार्साजा यांच्या पाहणीनुसार गावातले सुमारे दोन तृतीयांश लोक ती कमीअधिक प्रमाणात वापरत. कर्णबधिर बोटांवर मोजण्याइतके आणि खुणांनी बोलणारे हजारावर. दुकानदार, शेजारी, मेहुणा, शेतावरचा जोडीदार, कोणाशीही बोलायला दुभाषा लागत नाही.

भाषाशास्त्रज्ञ कोनी दे फोस यांनी या भाषेचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातली वेळ सांगण्याची रीत पाहा. उद्या दुपारी भेटू म्हणायचं असेल तर दुपारी सूर्य आकाशात जिथे असतो तिथे हात जातो. संध्याकाळसाठी हात पश्चिमेला, क्षितिजाच्या जरा वर. यात बोलणाऱ्याला पूर्व-पश्चिम कुठे आहे याचं भान सतत लागतं, अगदी घरात बसलेला असला तरी. बाली विषुववृत्ताच्या जेमतेम आठ अंश दक्षिणेला असल्याने वर्षभर दिवस फारसा लहान-मोठा होत नाही. त्यामुळे आकाशाचं हे घड्याळ तिथे बाराही महिने चालतं. जागा आणि माणसं दाखवायचीही हीच तऱ्हा. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलताना बोट त्याच्या घराच्या खऱ्या दिशेला वळतं. बाली भाषेतही दिशा डोंगराकडची आणि समुद्राकडची अशी सांगतात, पण काता कोलोकने त्या शब्दांच्या खुणा उसन्या घेतल्या नाहीत, सरळ त्या दिशेला बोट दाखवलं.

रंगांसाठी ठरलेल्या खुणा चारच: काळा, पांढरा, लाल आणि निळ्या-हिरव्यासाठी मिळून एक. बाकी रंगांसाठी त्या रंगाची वस्तू सांगायची किंवा जवळपास दिसणाऱ्या वस्तूकडे बोट करायचं. यात उणीव शोधायचं कारण नाही. सगळे एकमेकांना ओळखतात, सगळ्यांना सगळ्यांची घरं, शेतं, झाडं माहीत आहेत, अशा गावाला जेवढ्या खुणा लागतात तेवढ्या त्याने ठरवल्या. एकाच वस्तूसाठी दोन घरांत दोन वेगळ्या खुणाही असतात आणि दोन्ही घरांना दोन्ही समजतात.

कर्णबधिर माणसं इथे जमीन कसतात, लग्न करतात, गावकीत भाग घेतात. कबर खोदण्याचं आणि गावाच्या पाण्याच्या नळांची देखभाल करण्याचं काम परंपरेने त्यांच्याकडे आहे आणि त्याला मान आहे. ‘जांगेर कोलोक’ या त्यांच्या नृत्याचे प्रयोग गावाबाहेरही होतात. म्हणून बेंगकालाला स्वर्ग समजू नये. जुन्या पिढीतल्या बहुतेक कर्णबधिरांना शाळा मिळाली नाही आणि वाट्याला अंगमेहनतीचीच कामं आली. पण एकटेपण वाट्याला आलं नाही, आणि जगभरातल्या कर्णबधिर मुलांना सगळ्यांत जास्त छळतं ते तेच.

२००७ पासून गावातल्या शाळेत काता कोलोकमधून शिकवण्याची सोय झाली. पण पुढच्या शिक्षणासाठी मुलं दक्षिण बालीतल्या निवासी शाळेत जातात. तिथे त्यांना इंडोनेशियाची खुणांची भाषा मिळते, बाहेरचे मित्र मिळतात, नोकरी मिळते, जोडीदारही मिळतो. हे सगळं त्यांच्या हक्काचं आहे आणि त्याबद्दल कोणी हळहळू नये. मात्र त्याचा एक जैविक परिणाम आहे. जोडीदाराचं बधिरत्व दुसऱ्या जनुकामुळे असेल, तर मुलाला प्रत्येक जनुकाची एक तरी चांगली प्रत मिळते आणि कर्णबधिर आईवडिलांचं मूल ऐकू येणारं निघतं. गावात या शतकात कर्णबधिर मुलांचे जन्म फार कमी झाले आहेत.

जनुकाला याने काही होत नाही. ऐकू येणाऱ्या वाहकांमधून ते पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप पुढे जाऊ शकतं आणि शंभर वर्षांनी पुन्हा एखाद्या घरात प्रकट होऊ शकतं. भाषेला असं लपून राहता येत नाही. अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरही अशीच भाषा होती, ऐकू येणारेही ती सर्रास वापरत. तिथला आनुवंशिक बधिरत्व असलेला शेवटचा माणूस १९५२ साली गेला आणि नंतर आलेल्या संशोधकांच्या हाती म्हाताऱ्यांना आठवणाऱ्या मोजक्या खुणा तेवढ्या लागल्या. बेंगकालातलं बोलणं निदान चित्रित झालं आहे. मुलं ही भाषा कशी शिकतात याचीही वर्षानुवर्षांची चित्रणं जतन केली आहेत. पुढे काय होतं ते गावातल्या ऐकू येणाऱ्या मुलांवर ठरेल. संख्येने तीच जास्त आहेत, आणि कर्णबधिर आजी-आजोबांशी रोज बोलण्याची सवय त्यांनी ठेवली, तर कर्णबधिर मूल जन्मायची वाट न पाहताही काता कोलोक चालू राहू शकते.