राखेच्या विटा आणि ‘फ्लाय ॲश’ या शब्दाचा गुंता

कोळशाची राख काँक्रीटमध्ये घालणे आपल्याकडे नवे नाही. गेल्या शतकाच्या मध्यात रिहंद धरणातही ती वापरली गेली. विटांचा कायदेशीर इतिहास मात्र १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून सुरू होतो. औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या भट्ट्यांनी मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळायची, असा तो नियम. २००३ मध्ये ही हद्द १०० किलोमीटर झाली, २०१६ मध्ये ३००. कोराडी, चंद्रपूर, परळी आणि भुसावळभोवती एवढी वर्तुळे काढली की विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश त्यात येतात. पहिल्या १०० किलोमीटरचा वाहतूक खर्च औष्णिक केंद्राने उचलायचा, पुढचा निम्मा-निम्मा, हेही २०१६ मध्येच ठरले.

खरा गुंता याच अधिसूचनेच्या २००९ च्या दुरुस्तीत आहे. तिने ‘फ्लाय ॲश’ (म्हणजे उडती राख) या एकाच शब्दात चिमणीआधीच्या ईएसपीत (धुरातली राख विजेच्या प्रभाराने ओढून घेणाऱ्या यंत्रात) पकडलेली कोरडी राख, बॉयलरच्या तळाची जाड राख आणि पाण्याबरोबर वाहून तलावात साठलेली राख, सगळे बसवले. सगळी राख वापरात यावी, हा हेतू योग्यच होता. पण वीट पाडणाऱ्याच्या दृष्टीने ही वेगवेगळी द्रव्ये आहेत, आणि हा फरक आजवर फार कमी बोलला गेला आहे.

राखेची वीट न भाजता चुना घालूनही पाडतात; तिथे चुन्याशी संयोग पावून घट्ट होणे हा राखेचा गुण मुख्यतः तिच्या बारीकपणावर अवलंबून असतो. सिमेंट-काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राख उरता कामा नये. ईएसपीखाली राख गोळा करणाऱ्या पहिल्या हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या टाकीत) तुलनेने जाड राख पडते, पुढच्यांत अधिक बारीक. तलावात तर पाइपाच्या तोंडाशी जाड कण बसतात आणि बारीक गाळ दूर जातो. त्यामुळे एकाच तलावातून आज भरलेला आणि उद्या भरलेला ट्रक सारखा निघत नाही.

त्यात ओलावा. घमेल्याने मोजणारे नेमके इथेच फसतात. एक किलो राख तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजून पुन्हा तोलावी. ७८० ग्रॅम भरली, तर २२ टक्के पाणीच होते. मग ६० किलो कोरडी राख लागणाऱ्या मिश्रणाला ओली राख ७७ किलो घ्यावी लागते आणि वरून घालायचे पाणी १७ लिटरने कमी करावे लागते. हे केले नाही तर मिक्सरमधला माल सैल होतो, वीट साच्याला चिकटते, तिच्या कडा ढासळतात. अशा वेळी दोष ‘राखेच्या विटेला’ दिला जातो, तो अन्यायच आहे.

चुन्याचेही तसेच. चुनकळी पूर्ण विझलेली नसेल तर विटेत राहिलेला खडा नंतर फुगतो आणि पृष्ठभागाचे कपचे उडवतो. जुना, हवा लागलेला चुना निम्मा निकामी झालेला असू शकतो. विटेला किमान दोन आठवडे, थंडीत तीन, पाणी मारायलाच हवे. एवढे न थांबण्याच्या घाईमुळे बिघडलेला माल सर्वाधिक पाहायला मिळतो.

कोरडी राख बल्करने (बंद टाकीच्या ट्रकने) सिमेंट कारखान्यांकडे जाते, कारण त्यांना दर्जा हवा असतो आणि सायलो (भुकटी साठवण्याची उंच कोठी) त्यांच्याकडे असतो. राखेच्या सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के चालते. लहान वीट उत्पादकांसाठी २० टक्के कोरडी राख मोफत राखून ठेवण्याची तरतूद २००९ मध्ये केली होती; पण बल्कर आणि सायलो नसलेल्या माणसाला ती तरतूद कागदावरून उचलता येत नव्हती.

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ नदीपर्यंत गेला. त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई लावली होती. या हिशेबात विटेत गेलेला टन आणि खोलगट जमिनीत भरलेला टन सारखाच मोजला जातो.