पार्श्वभूमी : मायटोकाँड्रियाची पेप्टाइडं आली कुठून?

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास जिमला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी हल्ली ‘मॉट्स-सी’ येतं. हे एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची छोटी साखळी. इंजेक्शन घेतलं की म्हातारपण लांबतं, असं कुणीतरी मोबाइलवर बघितलेलं असतं. नाव २०१५चं, पण सुरुवात बरीच आधीची.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए आहे, हे मार्गिट आणि सिल्व्हन नास या दांपत्याने स्टॉकहोममध्ये १९६३ साली दाखवलं. १९८१मध्ये केंब्रिजला माणसाचा तो डीएनए पुरता वाचून झाला. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. त्यातली १३ प्रथिनांची, उरलेली २४ प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची. हिशेब मिटला, असंच सगळे धरून चालले.

तो पुन्हा उघडला टोकियोच्या केओ विद्यापीठात. अल्झायमरमध्ये मेंदूचा दृष्टी सांभाळणारा मागचा भाग त्यामानाने शाबूत राहतो. इकुओ निशिमोतो यांच्या गटाने एका रुग्णाच्या नेमक्या त्याच भागातली जनुकं चाळली. चेतापेशींना मरू न देणारा २४ अमिनो आम्लांचा एक तुकडा हाती लागला. २००१मध्ये त्याचं नाव ठेवलं ह्युमॅनिन. त्याचा माग काढला, तर तो निघाला मायटोकाँड्रियाच्या १६-एस आरआरएनएच्या जनुकात, म्हणजे यंत्रणेच्या भागातच. सोलापुरी चादरीच्या मागावर नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. ती मागाच्या लाकडात कोरलेली सापडावी, तसं झालं. अशाच प्रती पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएतही विखुरलेल्या असल्याने मूळ कुठलं, यावर वाद झाला, आणि तो रास्तच होता.

हे रक्षण होतं कसं? बॅक्स नावाचं प्रथिन मायटोकाँड्रियावर जाऊन बसलं की पेशी स्वतःला संपवते. ह्युमॅनिन बॅक्सला वाटेतच धरून ठेवतं, असं २००३मध्ये दिसलं. त्याच वर्षी लॉस एंजलिसमध्ये संशोधक पिंचास कोहेन वेगळंच काही शोधताना याच ह्युमॅनिनपाशी पोचले. पुढे २०१५मध्ये चांगहान ली आणि कोहेन यांनी त्याच यंत्रणेतल्या १२-एस आरआरएनएच्या जनुकातून १६ अमिनो आम्लांचं मॉट्स-सी काढलं. चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांत त्याने वजनवाढ आणि इन्सुलिनला होणारा विरोध रोखला. २०२१मध्ये म्हाताऱ्या उंदरांची धावही सुधारली. माणसांना त्या अभ्यासात इंजेक्शन दिलंच नव्हतं. त्यांना सायकल मारायला लावली, तर मॉट्स-सी स्नायूत आपोआप वाढलं.

जाहिरातीत नेमकं हेच गाळलेलं असतं. म्हातारपणावरचं औषध म्हणून मॉट्स-सीला मान्यता नाही. कुप्यांवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. शिवाय ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत त्याचं नाव आहे, त्यामुळे स्पर्धेत उतरणारा खेळाडू उत्तेजक चाचणीत अडकू शकतो.