मक्यातील परागनलिका व फलन

मक्याच्या स्त्रीकेसरावर पडलेल्या परागकणातून बारीक नळी फुटते. ती केसराच्या आतून बीजांडापर्यंत वाढत जाते आणि दोन शुक्रपेशी भ्रूणकोशात, म्हणजे बीजांडातल्या अंडपेशी असलेल्या भागात, सोडते. या नळीला परागनलिका म्हणतात आणि तिच्या प्रवासाची अखेर फलनात होते. सपुष्प वनस्पतींचे फलन समजून घेण्यासाठी मक्याइतके सोयीचे पीक क्वचितच सापडेल. त्यात नर फुले शेंड्यावरच्या तुऱ्यात आणि मादी फुले खालच्या कणसात अशी वेगळी असतात, त्यामुळे हाताने परागीभवन करणे सोपे जाते. शिवाय कणसावरचा प्रत्येक दाणा हा एका स्वतंत्र फलनाचा पुरावा असतो.

कणसातून लोंबणाऱ्या ज्या धाग्यांना आपण मक्याचे केस किंवा मिशा म्हणतो, तेच हे स्त्रीकेसर. एक धागा म्हणजे एक बीजांड, आणि फलन झाले तर एक दाणा. धागा 30 सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकतो, तर परागकणाचा व्यास असतो जेमतेम 0.1 मिलिमीटर. म्हणजे त्या कणाला स्वतःच्या आकाराच्या तीन हजार पट अंतर कापायचे असते. कणातली शिदोरी एवढ्या वाटेला पुरत नाही. नलिका केसराच्या ऊतींकडून पोषण घेत पुढे सरकते.

परागकण केसरावरच्या सूक्ष्म लवेला चिकटला की ओलावा शोषून काही मिनिटांतच रुजतो. नलिका लवेतून आत शिरते, केसरातल्या वाहिन्यांलगतच्या मार्गाला लागते आणि ताशी एक सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वाढते. जिवंत पेशीद्रव्य टोकाशी राहते. मागची रिकामी नळी कॅलोज या बहुशर्करेच्या बुचांनी ठिकठिकाणी बंद होत जाते. एका केसरात अनेक नलिका शिरतात, पण बीजांडापर्यंत बहुधा एकच पोहोचते. परागीभवनानंतर साधारण दिवसभरात फलन होते.

या बुचांमुळेच नलिका पाहता येते. केसर बाहेर येण्याआधी कणसावर पिशवी चढवतात, तुऱ्यालाही कागदी पिशवी बांधून पराग गोळा करतात आणि तो ताजा असतानाच केसरांवर टाकतात. मग ठरावीक तासांनी केसर कापून अल्कोहोल व अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवतात, कॉस्टिक सोड्यात मऊ करतात आणि अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवतात. अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कॅलोज चमकते, आणि काळपट केसराच्या पोटातून गेलेली नळीची उजळ रेघ बुचांच्या ठिपक्यांसह दिसते. किती वेळात किती अंतर कापले, हे त्या रेघेवर थेट मोजता येते.

शेवटच्या टप्प्यात वाट बीजांडच दाखवते. वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस ड्रेसेलहाऊस यांच्या गटाने 2005 मध्ये झेडएमईए1 हे छोटे प्रथिन नलिकेला बीजांडद्वाराकडे, म्हणजे बीजांडाच्या सूक्ष्म छिद्राकडे, ओढण्यासाठी लागते असे दाखवले. पुढे 2010 मध्ये, भ्रूणकोशातले झेडएमईएस4 हे प्रथिन नलिकेचे टोक फोडून शुक्रपेशी मोकळ्या करते, हेही पुढे आले. एक शुक्रपेशी अंडपेशीशी मिळून गर्भ तयार होतो. दुसरी मध्यवर्ती पेशीच्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातला गर्भाला पोसणारा पिठूळ भाग, बनतो. म्हणून गर्भात 20 गुणसूत्रे, तर भ्रूणपोषात 30.

हे दुहेरी फलन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लिली कुळातल्या वनस्पतींत शोधले. मक्याबाबतचे एक जुने कोडे त्याने लगेच सुटले. पांढऱ्या मक्याच्या केसरावर पिवळ्या मक्याचा पराग पडला, तर त्याच हंगामात, त्याच कणसावर पिवळसर दाणे दिसतात. ह्यूगो द व्ह्रीस आणि कार्ल कॉरेन्स यांनी 1899 मध्ये याचे कारण सांगितले: भ्रूणपोषालाही पिता असतो. स्वीट कॉर्नशेजारी साधा मका त्याच सुमारास तुऱ्यावर आला, तर गोड कणसात पिठूळ दाणे भरतात तेही याचमुळे. एरिक क्रांझ व होर्स्ट ल्योर्झ यांनी 1993 मध्ये अंडपेशी आणि शुक्रपेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत एकत्र केल्या आणि त्यातून प्रजननक्षम रोपे वाढवली. माझ्या मते या विषयातले सर्वांत देखणे काम तेच.

प्रत्येक पराग प्रत्येक केसरात चालतोच असे नाही. लाह्यांच्या मक्याच्या अनेक वाणांत जीए1 या जनुकस्थानामुळे इतर मक्याच्या नलिका केसरातच थबकतात.

शेतात फलन तपासायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. परागीभवनानंतर काही दिवसांनी कणीस तोडून आवरणे केसर न तुटता हलकेच सोलावीत आणि कणीस झटकावे. फलन झालेल्या बीजांडांचे केसर गळून पडतात, न झालेल्यांचे चिकटून राहतात. बुडाकडचे केसर आधी बाहेर येतात, शेंड्याचे सर्वांत शेवटी. पाण्याचा ताण पडला की केसरांची वाढ आणखी रेंगाळते आणि तोवर तुऱ्यातला पराग सरलेला असतो. अशा कणसात झटकल्यावरही शेंड्यावरचा झुबका तसाच राहतो.