टांकसाळीत चुकलं की बाहेर बिघडलं?

परभणीच्या मोंढ्यात सुट्ट्या पैशांत एक रुपया आला. आकड्यावरच दुसरा उलटा आकडा खोल रुतलेला. दुकानदाराचा पोरगा म्हणाला, "काका, एरर कॉइन आहे, टांकसाळीतच चुकलेलं. लाखात जातंय म्हणे!"

नाणं पालथं केलं. मागचे सिंह चेपून सपाट झाले होते. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला, पण पोराला कारण सांगणं भाग होतं.

टांकसाळीत कोरी चकती दोन साच्यांमध्ये येते आणि एकाच दाबात दोन्ही बाजू उठतात. आधीचं नाणं एका साच्याला चिकटून राहिलं, तर त्या बाजूला साच्याऐवजी त्या नाण्याचाच ठसा बसतो, उलटा आणि खोल. म्हणून खऱ्या चुकीत दोन्हीकडे एकच चित्र दिसतं: इकडे सरळ, उठावाचा आकडा, तिकडे तोच उलटा, आत गेलेला. सिंह दिसायलाच नकोत. या रुपयावर मूळचा आकडाही होता, सिंहही होते. म्हणजे कुणीतरी दोन नाणी व्हाइसच्या शिकंज्यात आवळलेली.

सालाखाली तारा मात्र शाबूत होता. तारा म्हणजे हैदराबादची टांकसाळ. आमच्या आजोबांचा हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या राज्यातलं नाणं, तोही हैदराबादचाच, त्यामुळे तो तारा दिसला की मला अजून बरं वाटतं.

मग पोराला बाकीच्या खुणाही सांगितल्या. नाण्याच्या काठाचा तुकडा चंद्रकोरीसारखा गेला असेल तर नेमकी समोरची कड बघावी. पत्र्यातून चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर चढला असेल, तर समोरची कडही बहुधा नीट उठलेली नसते. कानशीनं घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते.

रेघ दिसली तर नख फिरवावं. साचा तडकला की भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर रेघ वर येते. ओरखडा आत जातो.

दहाच्या दोन धातूंच्या नाण्याचा मधला गाभा ढळलेला असेल तर चित्र बघावं. बाहेरचं कडं आणि गाभा एकाच दाबात जोडले जातात, म्हणून टांकसाळीत गाभा सरकला तरी चित्र सांध्यावरून सलग जातं. ठोकून काढून परत बसवलेल्या गाभ्यावरचं चित्र तुटतं.

रुळावर ठेवून चपटी केलेली नाणी तर बघायचीच नाहीत.

पोराचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्यानं गल्ला पोत्यावर ओतला, आणि आम्ही दोघं एकेका नाण्यावर नख फिरवत बसलो.