प्रवाळाच्या टाकीसाठी फिल्टर निवडताना

गोड्या पाण्यातल्या माशांवर हात बसला की माणूस खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळाच्या टाकीकडे वळतो, आणि सवयीने कॅनिस्टर फिल्टरच, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, उचलतो. गणित तिथेच बिघडतं. कॅनिस्टरमधला स्पंज विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडवतो खरा, पण ती घाण पाण्यातच राहते. ती कुजून अमोनिया तयार होतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नुसत्या माशांना थोडं जास्त नायट्रेट चालून जातं. प्रवाळासाठी ते साधारण २ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आत हवं. नाहीतर काचेवर शेवाळ चढतं आणि प्रवाळ तपकिरी पडतात. दर आठवड्याला डबा उघडून धुणार असाल तर कॅनिस्टरही चालेल. पण कोण धुतो?

त्यात पावसाळा. तारांवर माड पडला की दोन-तीन तास वीज नाही. बंद डब्यातलं पाणी थांबतं, बॅक्टेरिया आतला प्राणवायू संपवतात, मग स्वतःच मरू लागतात. आणि वीज आली की तो सडका अर्क थेट टाकीत येतो.

म्हणून पैसे घालायचे ते प्रोटीन स्किमरवर. हे यंत्र घाण कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढतं. प्रथिनांसारख्या बऱ्याच सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं पाणी टाळतं. असे रेणू हवेच्या बुडबुड्याला चिकटतात, बुडबुडे नळीतून वर चढतात आणि फेस कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून स्किमर तिथेच नीट चालतो. पावसात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर लाटा फुटून मळकट फेस साचतो, त्यामागेही हीच क्रिया. शिवाय एवढी हवा घुसळली गेल्यामुळे प्राणवायूही मिळतो, आणि आपल्याकडे त्याची गरज आहे: ३० अंश सेल्सियसला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो.

खोक्यावरचा ‘इतक्या लिटरपर्यंत’ हा आकडा मोजक्या माशांच्या टाकीसाठी असतो. २४० लिटरच्या टाकीला ४०० लिटरचा स्किमर घ्यावा. तो किती खोल पाण्यात उभा करायचा हेही पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुधा १८ ते २० सेंटिमीटर. सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत, त्या उंचीचा काचेचा बांध घालून पातळी कायम ठेवा. ती खालीवर झाली की कधी फेसच येत नाही, कधी कप भरून वाहतो. नवा स्किमर स्थिरावायला एक-दोन आठवडे घेतो, तोवर रोज नळ पिळत बसू नका. कपात गडद चहासारखं, घाण वासाचं पाणी जमू लागलं की तो मार्गी लागला.

मोठ्या टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं आणि पंप ते परतीच्या पाइपने पुन्हा वर चढवतो. सम्पला मोठ्या टाकीच्या पाव ते एक तृतीयांश मापाची टाकी पुरते, पण ती काठोकाठ भरायची नाही. १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली ४ सेंटिमीटर असेल, तर वीज जाताच १२० × ४५ × ४ म्हणजे २१.६ लिटर पाणी उलटं खाली येतं. पाइपातलं धरून २५ लिटर जागा रिकामी हवी. पाइपला पाण्याच्या पातळीजवळ ३ मिलिमीटरचं भोक पाडलं तर हवा शिरून उलटा प्रवाह लवकर तुटतो. मात्र गुलाबी चुनखडी शेवाळ ते भोक बुजवतं, म्हणून महिन्याला काडी घालून साफ करायचं. मासे आणण्याआधी पंप हाताने बंद करून बघाच. वीज परत आल्यावर सम्पची पातळी काही मिनिटं चढलेली असते आणि स्किमर उतू जातो. त्याच्या प्लगला दहा मिनिटं उशिरा चालू करणारा टायमर लावा.

परतीचा पंप तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवणारा असावा, म्हणजे इथे ७०० ते १२०० लिटर. हा आकडा पाणी चढवायच्या उंचीला मोजायचा. सव्वा मीटर चढाला छोट्या पंपाचा प्रवाह निम्म्यावरही येतो. प्रवाळाला लागणाऱ्या जोरदार प्रवाहासाठी वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी ढकलणारा पंप, वेगळा.

उरलेलं काम सच्छिद्र दगड करतात. पृष्ठभागावरचे बॅक्टेरिया अमोनिया पचवतात, आतल्या कमी प्राणवायूच्या भागातले नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दगड दुकानातूनच घ्या. गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळून प्रवाळाचे तुकडे उचलणं हा गुन्हा आहे, कारण दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. सम्पमध्ये उतरणारं पाणी गाळणारी कापडी पिशवी, म्हणजे फिल्टर सॉक, दोन-तीन दिवसांनी बदला. कार्बन आणि फॉस्फेट शोषणारे दाणे नंतर, चाचणीचे आकडे बघून.

एक उपकरण मात्र सुरुवातीलाच हवं: ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि पातळी उतरते ती पंपाच्या कप्प्यात. कप्पा २० × ३५ सेंटिमीटरचा असेल आणि दिवसाला ३ लिटर उडत असतील, तर रोज पातळी चार सेंटिमीटरहून जास्त उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंप हवा ओढतो. चवथीला पाच दिवस गावी जाणार असाल तर आरओ-डीआय फिल्टरच्या शून्य टीडीएस (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्याचा २० लिटरचा कॅन भरून ठेवा. विहिरीचं पाणी घालू नका, आणि समुद्राचंही नाही: त्याने मीठ वाढतच जाईल.