लाल बटणाचा माग : जुने वॉकमन आणि रेकॉर्डर आजही का चालवले जातात

जुने खिशातले प्लेअर आणि रेकॉर्डर जमवणाऱ्यांत साधारण दोन गट दिसतात. एका गटाला १९७९ चा निळा-रुपेरी सोनी वॉकमन हवा असतो, शक्यतो मूळ खोका आणि माहितीपुस्तिकेसकट. दुसऱ्या गटाची नजर आधी लाल बटण आहे का ते शोधते. रेकॉर्डिंगचं बटण. मी या दुसऱ्या गटातला, आणि या छंदाची पार्श्वभूमी त्या बटणाच्या बाजूने सांगितली तर ती जास्त नीट उलगडते असं मला वाटतं. बाजारात निघालेलं गाणं ऐकवणारं यंत्र बंद पडलं तरी ते गाणं दुसरीकडे मिळतं. घरात, देवळात किंवा बैठकीत टेप केलेला आवाज मात्र बहुधा एकाच फितीवर असतो, आणि ती फीत वाजवायला त्याच जातीचं चालू यंत्र लागतं.

उचलून नेता येईल असा चांगला टेप रेकॉर्डर पहिल्यांदा मिळाला तो रेडिओ आणि सिनेमाच्या लोकांना. पोलंडमध्ये जन्मलेल्या स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ तयार केला. पहिल्या नाग्राची मोटर किल्लीवर चालायची. दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टर आणि सेलवर चालणारा नाग्रा ३ आला, आणि चित्रीकरणाच्या जागीच खरा आवाज पकडणं जगभर सोपं झालं. पण ही यंत्रं घडणीला आणि किमतीला घड्याळजीच्या कामासारखी होती. घरगुती माणसाच्या आवाक्यातली नव्हती.

घरात यंत्र शिरलं ते फिलिप्समुळे. बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ओटन्स यांच्या हाताखालच्या चमूने नवा रेकॉर्डर आखायला घेतला तेव्हा ओटन्स यांनी म्हणे आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला. तो कोटाच्या खिशात जाईल एवढाच ठेवला, आणि यंत्र याहून मोठं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. १९६३ च्या बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘ईएल ३३००’ आणि त्याची छोटी कॅसेट मांडली गेली. स्पूलची, म्हणजे उघड्या चाकावर गुंडाळलेली फीत साधारण सव्वासहा मिलिमीटर रुंद असते, ही फक्त ३.८१ मिलिमीटर होती आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ गतीने सरकायची. सुरुवातीला तिच्याकडून संगीताची अपेक्षा कोणी केलीच नव्हती. बोलणं टिपून घ्यायला ती पुरेशी होती. पुढे फिलिप्सने इतर कंपन्यांना ही रचना विनाशुल्क वापरू दिली. एका कंपनीच्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसरीच्या यंत्रात घालून वाजवता यायची, ती या निर्णयामुळे. चांगल्या फिती आणि फितीची खरखर कमी करणारी डॉल्बी ही पद्धत सत्तरच्या दशकात रुळली, तेव्हा तीच कॅसेट संगीतालाही पुरी पडू लागली.

आपल्याकडे या बदलाचा अर्थ फार मोठा होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. अर्धा-पाऊण तास चालणारा ख्याल तिच्यात मावणं शक्यच नव्हतं. गायकांना राग मुठीत आवळून गावा लागायचा. गाणं जसं बैठकीत झालं तसं पुरतं राहिलं ते टेपमुळे. आधी स्पूल, मग कॅसेट घेऊन रसिक खासगी मैफलींना जात, गायकाची परवानगी काढत, समोर माइक ठेवत. आज मोठमोठ्या गवयांच्या ज्या खासगी ध्वनिमुद्रणांना रसिक जिवापाड जपतात, त्यांतली कितीतरी अशी हौसेने भरलेली आहेत. आखातात नोकरीला गेलेली कोकणातली माणसं सुट्टीला येताना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, घेऊन येऊ लागली, तेव्हा हीच सोय गावागावात गेली. कीर्तन, भजनाची बारी, लग्नातल्या मंगलाष्टका, नातवाचं बोबडं बोलणं, सगळं कॅसेटवर जाऊ लागलं. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली, पण घरची कॅसेट घरीच भरायची हे मोल वेगळं होतं.

आणि नेमक्या याच काळात जपानमध्ये एका कंपनीने लाल बटण काढून टाकलं.

सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायची सवय होती. त्यासाठी ते सोनीचाच टीसी-डी५ हा स्टिरिओ कॅसेट रेकॉर्डर नेत. यंत्र उत्तम, पण दीड किलोच्या वर वजन. काहीतरी हलकं करून द्या, असं त्यांनी सांगितलं. टेप रेकॉर्डर विभागात कोझो ओसोने यांच्या लोकांनी मग पत्रकारांसाठीचा ‘प्रेसमन’ हा छोटा मोनो रेकॉर्डर घेतला, त्यातलं रेकॉर्डिंग आणि स्पीकर काढला आणि त्या जागी स्टिरिओचं सर्किट बसवलं. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांनी ही कल्पना लगेच उचलून धरली. कंपनीतल्या अनेकांना मात्र पटत नव्हतं. रेकॉर्ड न करणारा टेप रेकॉर्डर कोण घेणार, असा त्यांचा सवाल होता. आज तो सवाल चुकीचा ठरलेला दिसतो, पण त्या वेळेपर्यंतचा यंत्राचा सगळा इतिहास त्यांच्या बाजूने होता.

टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येन किमतीला विक्रीला आला. पहिला महिना थंड गेला. ऑगस्ट संपेपर्यंत तीस हजारांची पहिली खेप संपली होती. यंत्राइतकंच श्रेय हेडफोनला द्यायला हवं: तोवरचे हेडफोन डोक्यावर ओझं वाटावेत असे, हा पन्नास ग्रॅमच्या आसपास.

या पहिल्या मॉडेलची एक खूण संग्राहकांना फार प्रिय आहे. त्याला दोन हेडफोन लावता येतात आणि वर नारिंगी ‘हॉटलाइन’ बटण आहे. ते दाबलं की संगीत हलकं होतं आणि यंत्रातल्या माइकमधून बोललेलं दोघांनाही ऐकू येतं. म्हणजे रेकॉर्डिंग गेलं तरी प्रेसमनचा माइक मागे राहिला होता, आणि त्याला हे नवं काम मिळालं. १९८१ च्या डब्ल्यूएम-२ मध्ये तोही गेला. खिशात नेऊन स्टिरिओ ऐकायची कल्पना सोनीच्या आधी आंद्रेआस पावेल यांनी मांडली होती आणि १९७७ मध्ये इटलीत पेटंटचा अर्जही केला होता. त्यावरून त्यांचा सोनीशी झालेला वाद पंचवीसेक वर्षं रेंगाळून शेवटी तडजोडीने मिटला.

वॉकमनने ऐकणं खासगी केलं याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने खिशातल्या यंत्राला फक्त ऐकायला शिकवलं आणि लोकांनाही तेवढंच पुरेसं वाटू लागलं.

बटण परत आलं, पण महाग होऊन. १९८२ मध्ये सोनीने डब्ल्यूएम-डी६ हा ‘प्रोफेशनल वॉकमन’ काढला आणि १९८४ मध्ये डॉल्बीची सुधारलेली ‘सी’ आवृत्ती जोडून डी६सी. चार पेन्सिल सेलवर चालणारं, हातात मावणारं हे यंत्र फीत फिरवण्याची गती क्वार्ट्झच्या आधाराने स्थिर ठेवतं. तंबोऱ्याचा लांब स्वर डळमळत नाही, आणि स्वस्त रेकॉर्डर ओळखायची पहिली परीक्षा तीच. डी६सी जवळजवळ दोन दशकं बनत राहिला. वापरण्यासाठी एकच जुनं कॅसेट यंत्र घ्यायचं असेल तर मी अजूनही याचंच नाव सांगेन. टीसी-डी५एम त्याहून दणकट आहे, पण खांद्याला पट्टा लावूनच वागवावा लागतो.

१९८७ मध्ये डिजिटल ऑडिओ टेप म्हणजे डॅट आली. व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रासारखं फिरतं ड्रम, मिनिटाला दोन हजार फेरे, सीडीच्या तोडीचा आवाज. तिच्यावरून हुबेहूब नक्कल निघेल या भीतीने रेकॉर्ड कंपन्यांनी विरोध केला. अखेर नकलेची नक्कल अडवणारी सोय यंत्रातच बसवावी लागली आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्याचा कायदा झाला. घराघरात डॅट कधीच पोचली नाही. ध्वनिमुद्रकांनी आणि संशोधकांनी मात्र ती उचलली, आणि त्याचा मोठा लाभ मराठीला झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी मुळशीच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायचं काम चालवलं होतं. लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणकाचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ओव्या बायकांच्या आवाजात टेप होऊ लागल्या. सुमारे १२० तासांचं ते ध्वनिमुद्रण आहे. पिठाच्या गिरण्या आल्यावर जातं थांबलं, गाणाऱ्या अनेकजणी गेल्या. कागदावरच्या ओवीत चाल नसते, दळताना लागलेला श्वास नसतो. तो फितीवर आहे. २०१७ पासून हा संग्रह ग्रामीण भारताबद्दलच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने लोकांसमोर येतो आहे.

सोनीची मिनीडिस्क १९९२ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आली, आणि माझ्या मते खिशातल्या रेकॉर्डरांत ती सर्वांत देखणी. ६४ मिलिमीटरची चकती प्लास्टिकच्या कवचात. रेकॉर्ड होताना एका बाजूने लेझर चकतीचा ठिपका तापवतो आणि दुसऱ्या बाजूने चुंबकी हेड त्यावर खूण उमटवतं. आवाज सीडीच्या साधारण पाचव्या भागाएवढा दाबून ७४ मिनिटं बसवलेला. काही सेकंदांचा आवाज आधीच स्मृतीत भरून घेतलेला असल्यामुळे धक्का बसला तरी गाणं तुटत नाही. आणि यंत्रावरच तुकडे करता येतात, नावं देता येतात, क्रम बदलता येतो. एक जपायचं: रेकॉर्डिंग थांबवल्यावर यंत्र चकतीवर अनुक्रमणिका लिहितं. ती लिहून होण्याआधी सेल काढला तर नुकतं भरलेलं सगळं हरवतं.

मिनीडिस्कचं नुकसान तिच्या कर्त्यांनीच केलं. २००१ मध्ये नेटएमडी ही मिनीडिस्कची नवी जात आली, यूएसबीने संगणकाला जोडता येऊ लागली, पण गाणी फक्त संगणकाकडून चकतीकडे जायची. स्वतः माइकने भरलेली मुलाखतसुद्धा त्या वाटेने परत आणता येत नव्हती. ती जितक्या तासांची तितके तास वाजवून दुसरीकडे भरावी लागायची. जुन्या चकत्या सरळ संगणकावर घेऊ देणारा एमझेड-आरएच१ हा रेकॉर्डर २००६ मध्ये आला, तोवर आयपॉडला पाच वर्षं होत आली होती. म्हणूनच आज आरएच१ ला एवढा भाव आहे, त्याची अक्षरं दाखवणारी ओएलईडी पट्टी मंदावत जाते हे ठाऊक असूनही. अलीकडे चाहत्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे काही नेटएमडी यंत्रांतूनही रेकॉर्डिंग बाहेर काढता येतं, आणि हे काम त्यांनी फुकट, सगळ्यांसाठी केलं आहे.

ही यंत्रं चालती ठेवणं हाच छंदाचा मोठा भाग. रबरी बेल्ट कालांतराने वितळून डांबरासारखा चिकट होतो. तो पुसून काढून मापाचा नवा बसवावा लागतो. कपॅसिटर गळतात. सोनीच्या डीडी मालिकेतल्या वॉकमनचं मधलं प्लास्टिकचं चाक तडकतं आणि टक-टक आवाज येऊ लागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट साफ न करता यंत्रात घालू नये, हेड आणि रोलर दोन्ही माखतात. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत अवघी नऊएक मायक्रॉन जाडीची, ६० वालीच्या जेमतेम निम्मी. तिला पुढे-मागे पळवत बसू नये.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रत्येक रेकॉर्डरच्या हेडचा कोन किंचित वेगळा असतो, त्यामुळे फितीवरचा आवाजही त्या कोनात लिहिला जातो. दुसऱ्या यंत्रावर तीच कॅसेट दबलेली, बोथट ऐकू येते. हेडशेजारचा छोटा स्क्रू कानाने ऐकत फिरवून हे सुधारतं, पण ज्या यंत्राने भरली ते यंत्र घरात असेल तर त्यासारखं दुसरं नाही. म्हणून वडिलांच्या कॅसेट ठेवून रेकॉर्डर भंगारात देऊ नका.

आजची स्थिती सरमिसळ आहे. खिशातले कॅसेट प्लेअर पुन्हा नव्याने बनतात. २०२४ चा फिओ सीपी१३ नीट वाजतो, पण त्याला लाल बटण नाही. वी आर रिवाइंड या कंपनीच्या यंत्रावर रेकॉर्ड होतं, तरी डॉल्बीचं सर्किट नव्या यंत्रांना मिळत नाही, म्हणून डॉल्बीत भरलेली जुनी कॅसेट जुन्याच यंत्रावर बरी. सोनीने मिनीडिस्कची यंत्रं २०१३ मध्ये थांबवली आणि कोऱ्या चकत्या फेब्रुवारी २०२५ मध्ये. डॅटची यंत्रं तिने २००५ मध्येच बंद केली, आणि खरी घाई तिथे आहे. कॅसेट खराब झाली तर खरखरीमागून बोलणं तरी कळतं. डॅट बिघडली की त्या जागी काहीच ऐकू येत नाही. ज्यांच्याकडे डॅट आहेत त्यांनी आधी त्या उतरवून घ्याव्यात, मग मिनीडिस्क, मग कॅसेट.