गाडीची जप्ती रोखण्यासाठी दिवाळखोरीचा अर्ज (अमेरिका)

हप्ते थकले की फायनान्स कंपनी गाडी उचलून नेते, आणि ते थांबवायला कर्जदार फेडरल दिवाळखोरी कोर्टात अर्ज टाकतो, अमेरिकेत हा चांगलाच रुळलेला मार्ग आहे. गाडी उचलायचा हक्क मात्र राज्याच्या कायद्यातून येतो. युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या (राज्यांनी स्वीकारलेली व्यापार कायद्याची समान संहिता) कलम ९-६०९ नुसार कोर्टात न जाताही गाडी नेता येते, अट एवढीच की शांतताभंग होता कामा नये. म्हणजे रस्त्यावर लावलेली गाडी रात्री टो करून नेली तर सहसा चालतं, बंद गॅरेजचं कुलूप तोडून नेली तर नाही. विस्कॉन्सिनसारखी काही राज्यं आधी नोटीस देऊन मुदत द्यायला लावतात.

अर्ज दाखल झाला त्या क्षणी दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६२ खाली वसुलीला आपोआप स्थगिती लागते, सगळे तिला ऑटोमॅटिक स्टे म्हणतात. जज्जची सही लागत नाही, कंपनीला खबर नसली तरी स्टे लागू असतोच, आणि अर्जाचं माहीत असूनही गाडी उचलली तर नुकसानभरपाई द्यावी लागते. वर्षभरात आधीचा एक अर्ज फेटाळलेला असेल तर स्टे ३० दिवसांत संपतो (कोर्टाने वाढवला नाही तर), दोन फेटाळलेले असतील तर मुळात लागतच नाही.

स्टेचा उगम बहुतेक ठिकाणी १९७८ च्या संहितेत दाखवतात. ते अर्धवट आहे. १८९८ च्या कायद्यातली स्थगिती कोर्टातल्या दाव्यांपुरती होती, आणि १९३८ च्या दुरुस्तीत पगारदारांसाठी तेरावं प्रकरण आलं तरी तारण उचलणाऱ्याला अडवायचं तर कोर्टाकडे मनाई हुकूम मागावा लागे. आपोआप लागणारा स्टे १९७३ च्या दिवाळखोरी नियमांत दिसतो, १९७८ ने त्याला कायद्यात बसवलं आणि व्याप्ती वाढवली, त्यामुळे श्रेय १९७३ ला देणं जास्त बरोबर वाटतं.

खरा वाद आहे तो गाडी आधीच उचलली गेली असेल आणि अर्ज नंतर झाला असेल तर काय, यावर. व्हायटिंग पूल्स खटल्यात (१९८३) सुप्रीम कोर्ट म्हणालं की अर्जाच्या आधी ताब्यात घेतलेला मालही दिवाळखोरीच्या मालमत्तेत येतो. तो खटला कर खात्याने एका धंद्याचा माल जप्त केल्याचा होता, गाडीचा नव्हे, पण आधार त्याचाच घेतात. मग नुसती गाडी परत न देणं हाच स्टेचा भंग का? सातव्या सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांवरचं फेडरल अपील कोर्ट) २००९ मध्ये हो म्हटलं, दुसऱ्या, आठव्या, नवव्या सर्किटचंही तेच मत, दहाव्या सर्किटने २०१७ मध्ये आणि तिसऱ्याने २०१९ मध्ये नाही म्हटलं. शेवटी सिटी ऑफ शिकागो विरुद्ध फुल्टन या खटल्यात (दंड न भरल्यामुळे महापालिकेने अडकवलेल्या गाड्या) १४ जानेवारी २०२१ ला ८-० ने ठरलं की फक्त ताबा धरून ठेवणं कलम ३६२(ए)(३) चा (दिवाळखोरीच्या मालमत्तेवर ताबा मिळवायला मनाई करणारं पोटकलम) भंग नाही. बाकीच्या पोटकलमांचं काय, ते कोर्टाने मोकळंच सोडलं. न्या. सोटोमायोर यांनी वेगळ्या मतात लिहिलं की परत मिळवायचा दुसरा रस्ता, म्हणजे कलम ५४२, फार संथ आहे आणि गाडीशिवाय माणूस कामावर जाणार कसा, कर्ज फेडणार कसं. पुढे नियम ७००१ बदलला आणि १ डिसेंबर २०२४ पासून व्यक्तीला आपली वस्तू परत मागायला वेगळा दावा लावावा लागत नाही, साधा अर्ज पुरतो.

त्यात अकराव्या सर्किटचं वेगळंच. अलाबामा (१९९८) आणि फ्लोरिडा (२००२) इथल्या खटल्यांत त्याने राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून म्हटलं की उचललेली गाडी कर्जदाराची राहतच नाही, उरतो तो सोडवून घ्यायचा हक्क. व्हायटिंग पूल्सशी हे नीट जुळत नाही असं म्हणणाऱ्यांची बाजू वजनदार वाटते, पण त्या राज्यांत वकील उचलण्याच्या आधीच अर्ज टाकायला सांगणार हे उघड आहे. लिलाव होऊन गाडी विकली गेली असेल तर मात्र सहसा सगळीकडेच विषय संपतो.

स्टे मिळाला म्हणून गाडी फुकट मिळत नाही, कंपनी स्टे उठवायला कोर्टात जाऊ शकते. चॅप्टर १३ मध्ये (वर आलेलं तेरावं प्रकरण, उत्पन्नातून हप्त्याहप्त्याने फेडायची दिवाळखोरी) थकलेले हप्ते तीन ते पाच वर्षांच्या योजनेत बसवता येतात, गाडीचा विमा चालू ठेवावा लागतो, आणि टिल खटल्यापासून (२००४) व्याज साधारणपणे प्राइम रेट (बँकांचा सगळ्यात भरवशाच्या ग्राहकांसाठीचा दर) अधिक जोखमीचा थोडा टक्का असं धरतात. गाडीच्या किमतीपुरतंच कर्ज फेडायची सवलत २००५ च्या दुरुस्तीने आवळली: स्वतःच्या वापराची गाडी अर्जाआधीच्या ९१० दिवसांत कर्जावर घेतली असेल तर ती मिळत नाही. जामीनदारालाही चॅप्टर १३ मध्ये संरक्षण आहे, चॅप्टर ७ मध्ये (मालमत्ता विकून कर्ज मिटवायची दिवाळखोरी) नाही. चॅप्टर ७ मध्ये एकतर कर्ज नव्याने मान्य करायचं, नाहीतर गाडीची किंमत एकरकमी भरून ती सोडवायची, नाहीतर देऊन टाकायची. लीजवरची गाडी अशी सोडवता येत नाही.